धुराड्यातला डावा बूट

लोकांना त्यांच्याच घराला हात लावू नका असं सांगणं, हा चारुताचा धंदा होता. ॲडलेडच्या एका छोट्या फर्ममध्ये ती जुन्या इमारतींचे अहवाल लिहायची. कुणाला दीडशे वर्षांच्या दाराला नवा रंग द्यायचा असो, नाही तर खिडकी चार बोटं रुंद करायची असो, बाईसाहेब हातात टॉर्च आणि कपाळावर आठ्या घेऊन हजर. तिच्या प्रत्येक अहवालात एक वाक्य ठरलेलं असे: जी वस्तू जिथे सापडली, तिथेच राहू द्यावी. नवरा विक्रांत तिला चिडवायचा, की तुझं चाललं तर तू लोकांना कोळिष्टकंसुद्धा झाडू देणार नाहीस. तर अशा या बाईने स्वतःच्या घरात काय करून ठेवलं, ते ऐका.

घर ट्रेवेनात होतं, ॲडलेडहून उत्तरेला गाडीने सव्वा तासावर. गाव कसलं, एक रस्ता, एक चर्च, एक पब आणि एका रांगेत अकरा दगडी कॉटेजेस. इंग्लंडच्या पार टोकाला, कॉर्नवॉलला, जे खाणकामगार राहायचे, त्यांच्यातले काही इथे तांबं काढायला आले आणि येताना आपलं गाव डोक्यात घेऊन आले. इथे उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो, झाडाची सावलीसुद्धा विकत मिळत नाही, याचा त्यांनी विचारच केला नाही. तिकडे पावसात आणि गारठ्यात बांधायचे तशीच घरं या लाल मातीवर बांधली. दीड हात जाडीच्या दगडी भिंती, चुन्याच्या दरजा, उंच माणसाचं कपाळ फोडणारं दार, पाटाएवढ्या खिडक्या. आणि घराच्या एका टोकाला अख्खी भिंत खाऊन बसलेली फायरप्लेस, तिच्यावर जाडजूड लाकडी तुळई, आणि वर सरळ आभाळात गेलेलं रुंद धुराडं. छपरावर पुढे कधीतरी पत्रा आला, तेवढाच काय तो ऑस्ट्रेलियाचा हात.

चारुता त्या घराच्या प्रेमात पडली ती पडलीच. विद्यार्थिनी असताना ती ॲडलेडच्या मॉसन लेक्स भागात चौघींत एक खोली घेऊन राहिली होती. तिथल्या भिंती अशा, की इकडे शिंक आली की पलीकडचा मुलगा ‘ब्लेस यू’ म्हणायचा. या घराच्या भिंतीला तळहात लावला की भर दुपारी गार लागायचं. विक्रांत कालगुर्लीला सोन्याच्या खाणीत इंजिनीअर. दोन आठवडे तिकडे, मग पर्थवरून विमान बदलत घरी, एक आठवडा मुक्काम, की पुन्हा परत. त्यामुळे घरात बहुतेक वेळ दोघीच, चारुता आणि सहा वर्षांची स्पृहा. स्पृहाशी मराठीत बोलावं तर ती इंग्रजीत उत्तर द्यायची, पण समजायचं सगळं.

अडचण आली ती देवघराची. खोल्या तीन, त्याही बुटक्या. सिडनीच्या हॅरिस पार्कहून मैत्रिणीने पाठवलेलं सागवानी देवघर कुठेच बसेना. शेवटी चारुताने होकायंत्र लावून पाहिलं तर फायरप्लेस बरोबर ईशान्येला. तिथे आता शेकोटी पेटवणार कोण? देवांना आयता कोनाडा मिळाला म्हणून दोघंही खूश झाली. वरून काजळी पडू नये म्हणून धुराड्याच्या तोंडाला प्लायची फळी ठोकायची ठरली. विक्रांत माप घ्यायला आत वाकला, त्याने तुळईच्या मागे हात घातला आणि म्हणाला की इथे वर फळीसारखा दगडाचा कठडा आहे आणि त्याच्यावर काहीतरी ठेवलंय.

चारुता स्टुलावर चढली. टॉर्चच्या उजेडात लहान मुलाचा डाव्या पायाचा बूट दिसला. चामडं आमसुलासारखं काळं पडून आक्रसलेलं, तळाला खिळे, पुढचं टोक घासून पातळ झालेलं. आतल्या बाजूला पाच बोटांचे पाच खळगे. वापरून वापरून पडलेले, अगदी काल काढून ठेवावा असे.

आता ही बाई काही अडाणी नव्हती. इंग्लंडातले जुने गवंडी घर बांधताना धुराड्यात वापरलेला बूट लपवायचे, हे तिने स्वतः दोन अहवालांत लिहिलं होतं. दाराला कडी घालता येते, खिडकी लावता येते, धुराडं मात्र कायम उघडं. तिथून जे काही घरात उतरेल त्याला आधी हा बूट सापडावा, माणूस सापडला असं वाटून त्याने तिथेच थांबावं, अशी ती समजूत. असा बूट दिसला तर फोटो काढायचा, माप लिहायचं आणि हात लावायचा नाही. नियम तिचाच.

पण त्या कठड्याच्या बरोबर खाली तिचा बाळकृष्ण बसणार होता. अन्नपूर्णा बसणार होती, सासरचा खंडोबाचा टाक बसणार होता. आणि त्यांच्या डोक्यावर काय, तर पायताण! उलटी पडलेली चप्पल दिसली की कुणाचीही असो सुलटी करणारी, पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करणारी मुलगी ती. शिक्षण एकीकडे आणि संस्कार एकीकडे. आठवडाभर तिने स्वतःशी भांडण केलं. मग एका सकाळी स्टुलावर चढून तिने तो बूट काढला. पायताणाची जागा दाराबाहेर, म्हणून व्हरांड्यातल्या शू-रॅकवर, खालच्या फळीवर, स्पृहाच्या शाळेच्या बुटांशेजारी ठेवून दिला. वास्तुशांत झाली की म्युझियमला देऊन टाकू, असं तिने ठरवलं.

त्याच दिवशी शेजारची मर्ल परसातली लिंबं घेऊन आली. मर्लचं वय ऐंशीच्या पुढे, जन्म शेजारच्याच कॉटेजमधला, जिभेला हाड नाही पण मनाची मोकळी. बोलता बोलता शू-रॅककडे तिचं लक्ष गेलं. बूट परत ठेव म्हणाली, आजच ठेव. चारुताने तिला आपल्याला ही प्रथा ठाऊक असल्याचं सांगितलं, अगदी गिऱ्हाइकांना समजावते त्या मऊ आवाजात सांगितलं. रविवारची पूजा होऊ दे, मग बघते, असंही म्हणाली. मर्ल आणखी काही बोलणार होती, पण स्पृहा उड्या मारत बाहेर आली तशी ती लिंबं ठेवून निघून गेली.

रविवारी वास्तुशांत थाटात झाली. विक्रांतने रजा जुळवून आणली होती. ॲडलेडहून तीस-पस्तीस माणसं आली. पौरोहित्याला श्रीनिवास होता, सोमवार ते शुक्रवार एका बँकेत सॉफ्टवेअर लिहायचा आणि शनिवार-रविवार खणखणीत आवाजात मंत्र म्हणायचा. पुरणपोळीवर तूप पडलं, सगळ्यांनी जाड भिंती थापटून पाहिल्या, तिघांची कपाळं दाराला आपटली. आणि व्हरांड्यात चपला-बुटांचा हा ढीग! दुपारी मंडळी निघाली तेव्हा नेहमीचा गोंधळ झाला. एकाची चप्पल दुसऱ्याच्या पायात, कुणी एका पायावर नाचतंय, कुणी रॅकखाली वाकून शोधतंय. चारुता हसत हसत सगळ्यांना वाटेला लावत होती.

ढीग ओसरल्यावर तिने पाहिलं, तर तो जुना बूट नव्हता. आणि स्पृहाच्या शाळेच्या जोडातला डावाही नव्हता.

तिने ग्रुपवर मेसेज टाकला. उत्तरादाखल हसणाऱ्या इमोजींचा पाऊस पडला. गाड्यांच्या डिक्क्या पाहिल्या, कुणाकडे काही नव्हतं. दीडशे वर्षांचा बूट आपल्या हातून गेला याची तिला खरोखर लाज वाटली, पण लाजेपलीकडे काही वाटलं नाही. मंगळवारी विक्रांत कालगुर्लीला गेला. स्पृहाला नवे बूट आले.

बुधवारी शाळेचा मेसेज आला, की स्पृहा आज गैरहजर आहे, कृपया कारण कळवा. चारुताने तिला सकाळी स्वतः फाटकात सोडलं होतं. ती धावत शाळेत गेली तर स्पृहा वर्गात आपल्या जागेवर बसलेली. बाईंनी माफी मागितली, हजेरी घेताना नजरचूक झाली म्हणाल्या. गुरुवारी पुन्हा तोच मेसेज. शुक्रवारीही. बाईंच्या चेहऱ्यावर आता माफी नव्हती, गोंधळ होता. स्पृहा म्हणाली की तिने तिन्ही दिवस हात वर करून ‘हियर’ म्हटलं होतं.

तिचा डावा पाय गार पडायला लागला. बाहेर चाळीस डिग्री, पत्रा तडतडतोय, आणि पोरीची पावलं पुसताना उजवं कोमट नि डावं माठासारखं. डॉक्टरने पाय दाबून पाहिला, बोटं हलवून पाहिली, काही नाही म्हणाला. औषधाची चिठ्ठी लिहायला घेतली आणि पेशंटचं नाव काय, असं दोनदा विचारलं. विक्रांतचा व्हिडिओ कॉल आला की तो चारुताशी तास तास बोलायचा, खाणीतल्या गमती सांगायचा, आणि स्पृहा स्क्रीनसमोर हात हलवत असताना फोन ठेवून द्यायचा. चारुताने त्याला झापलं. तो मनापासून ओशाळला. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा तेच केलं.

नवऱ्यावर चिडणं सोपं असतं. पुढच्या गुरुवारी मात्र पाळी तिच्यावर आली.

ऑफिसचा दिवस होता. तिने डबा भरला, घराला कुलूप लावलं, गाडी काढली आणि मोठ्या रस्त्याला लागली. पाऊण तास झाला असेल. आरशात मागची सीट दिसत होती आणि त्या सीटवर लहान मुलांना बसवतात ती खुर्ची पट्ट्यांनी बांधलेली होती. ही कुणाची बरं, असा तिला प्रश्न पडला. क्षणभर नाही, चांगला किलोमीटरभर पडला. मैत्रिणीने ठेवली असेल, परत द्यायला हवी, इथपर्यंत विचार गेला. मग खुर्चीच्या कडेला चिकटवलेलं फुलपाखराचं स्टिकर दिसलं आणि तिला स्पृहा आठवली.

तिने गाडी कशी वळवली, परत कशी आणली, तिचं तिला ठाऊक नाही. तिने कुलूप उघडलं. स्पृहा फायरप्लेसपुढे बसली होती. अंगात युनिफॉर्म, पाठीवर दप्तर, एका पायात मोजा नाही.

“मम्मा, आय वॉज टॉकिंग टू यू,” ती म्हणाली. “यू लॉक्ड द डोअर.”

ती रडत नव्हती, तक्रारही करत नव्हती. झालं ते सांगत होती फक्त. चारुताने तिला छातीशी धरलं आणि स्वतःच हमसून हमसून रडली. पोरीचा डावा पाय गुडघ्यापर्यंत गार होता. तिला तसंच उचलून ती मर्लच्या दारात गेली.

मर्लने दार उघडलं, चारुताच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग हातांकडे पाहिलं. हे काय उचलून आणलंस, असं तिने विचारलं. मर्लने चाचपडत हात पुढे केला, तिच्या बोटांना पोरीची वेणी लागली, आणि तिने दोघींना आत घेऊन दार लावलं.

मग तिने सांगितलं. पुस्तकांत आहे ते खोटं नाही, पण अर्धं आहे. बूट दिला की धुराड्यातलं ते शांत राहतं, हे खरं. पण ज्याचा बूट वर जातो, ते माणूस हळूहळू लोकांच्या ध्यानातून उतरतं. मरत नाही, आजारी पडत नाही. फक्त कुणाला आठवत नाही. त्या जुन्या लोकांना हे ठाऊक होतं आणि तरी त्यांनी एकेक बूट ठेवला, कारण घरात आणखी सहा-सात मुलं असायची. आमच्या धुराड्यात माझ्या मावशीचा बूट आहे, मर्ल म्हणाली. मला मावशी असल्याचं कुणी कधी बोललं नाही. बूट आहे, म्हणजे असणार.

तो जुना बूट परत मिळायचा नाही, हेही तिने सांगितलं. ज्याचा होता ते पोर इतकी वर्षं वाट बघत होतं. दाराबाहेर बुटांच्या रांगेत जागा मिळाल्यावर ते कशाला थांबेल?

“कठडा रिकामा ठेवू नकोस,” मर्ल म्हणाली. “वापरलेलं पायताण हवं, या घरातल्याच माणसाचं. तू दिलं नाहीस तर ते आपलं आपण घेतं, आणि घेतं ते सगळ्यात धाकट्याचं.”

घर सोडून जाते, चारुता म्हणाली. मर्लने मान हलवली. बूट आधीच वर गेलाय. तू सिडनीला जा नाही तर इंडियाला, जाताना ही तुझ्या लक्षात राहील का, असं तिने विचारलं. सकाळचा तो एक किलोमीटर तिच्या डोळ्यांपुढे होता.

घरी येऊन तिने आधी देवांची क्षमा मागितली. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, टाक, एकेक करून रेशमी खणात गुंडाळले आणि आतल्या खोलीत पाटावर ठेवले. देवघर ओढून बाजूला केलं. प्लायची फळी उचकटली तशी वरून गार हवा आली, बाहेर उन्हाने डांबर वितळत असताना. तिने तुळईमागे हात घातला. कठड्यावर बूट होता. वेल्क्रोच्या पट्टीचा, आतल्या बाजूला तिच्याच अक्षरात स्पृहाचं नाव लिहिलेला. प्लाय तर वास्तुशांतीच्या आधीच ठोकलेली होती.

तिने तो खाली घेतला आणि व्हरांड्यात गेली. खरं सांगायचं तर तिचा हात आधी विक्रांतच्या बुटांकडे गेला. खाणीतले जुने, टाचा झिजलेले. डावा तिने उचललासुद्धा, मिनिटभर हातात धरला. दोन आठवडे तो नसतोच घरी, असा एक हलका विचार तिच्या मनात येऊन गेला, आणि त्याची तिला इतकी किळस आली की तिने बूट टाकूनच दिला. तो माणूस तिथे जमिनीखाली काम करतो, जे करतो ते सगळं या दोघींसाठी करतो. त्याला न विचारता त्याचा बूट कसा द्यायचा? विचारावं तर तो म्हणणार, वेडी झालीस का, नाही तर म्हणणार, माझाच ठेव. दोन्ही ऐकायची तिची तयारी नव्हती. शेवटी तिने आपली रोजची सँडल घेतली. सात वर्षं वापरलेली, अंगठ्याचा खळगा पडलेली. डाव्या पायाची. स्टुलावर चढून तिने ती कठड्यावर ठेवली, आणि ठेवताना आपल्याला भीती वाटतेय हे तिला स्वच्छ कळत होतं.

संध्याकाळी स्पृहाचा पाय कोमट झाला. शुक्रवारी शाळेचा मेसेज आला नाही. फाटकाशी बाईंनी स्पृहाला नावाने हाक मारली, तिच्या वेणीचं कौतुक केलं, आणि चारुताकडे न बघता फाटक लावून घेतलं. सोमवारपर्यंत ऑफिसातून एकही फोन आला नाही. अर्धवट अहवाल कुणी मागितला नाही. मर्ल लिंबं घेऊन आली, स्पृहाच्या हातात दिली, आणि एकटी काय खेळतेस गं, असं विचारून गेली. स्पृहा मात्र अजून मम्मा म्हणत होती, पण मध्येच थांबायची, आणि मग स्वतःच खुर्चीवर चढून बिस्किटांचा डबा काढायची.

मंगळवारी दुपारी विक्रांत आला. चारुताने दार उघडलं. उघड्या दारातून तो वाकून आत आला, स्पृहाला उचलून तिचे मुके घेतले, आणि घरभर नजर फिरवली. बराच वेळ तसाच उभा राहिला, काहीतरी आणायचं विसरल्यासारखा. चारुता त्याच्या समोर होती. तिने त्याला नावाने हाक मारली. मग दंडाला धरून हलवलं. त्याने दंड खाजवला आणि फोन काढला.

तो साइटवरच्या साहेबाशी बोलत होता. आता आपल्याला कालगुर्लीला यायला जमणार नाही, ॲडलेडलाच काहीतरी बघावं लागेल, असं सांगत होता. पलीकडून कारण विचारलं असावं. तो इंग्रजीत सावकाश म्हणाला, “माझी मुलगी सहा वर्षांची आहे. तिच्याकडे बघायला घरी कुणी नाही.” म्हणताना त्याचा आवाज भरून आला, आणि तो का भरून आला हे त्याला कळलं नसावं, कारण फोन ठेवल्यावर तो डोळे पुसून हाताकडे बघत बसला.

फायरप्लेसपाशी स्टूल अजून तिथेच होतं. चारुता त्याच्यावर चढली. तुळईमागे हात घातला, सँडलचा पट्टा बोटांना लागला. तिला फार, फार एकटं वाटत होतं. एक ओढ घेतली की विक्रांत वळून बघेल, काय गं, कधी आलीस, म्हणेल. तेवढं तरी ऐकावं असं तिला जिवापासून वाटलं.

इतक्यात स्पृहा मागच्या अंगणात अनवाणी पळाली आणि ओरडत परत आली. फरशी तापलीय, दोन्ही पाय भाजले, असं ती बापाला इंग्रजीत सांगत होती, एकदा या पायावर नि एकदा त्या पायावर नाचत. विक्रांत हसला. त्याने तिला ओट्यावर बसवलं आणि दोन्ही पावलं ओल्या फडक्याने पुसली.

चारुताने पट्टा सोडला. स्टुलावरून उतरून ती ओट्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. विक्रांतने मुगाची खिचडी टाकली, दोन ताटल्या घेतल्या, आणि स्पृहाने तूप दोनदा मागून घेतलं.